सलाइन, सोडिक आणि अल्कलाइन

मृग जवळ आला की माती तपासणीच्या अहवालांवरून सल्ला द्यायची घाई सुरू होते. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या तालुक्यांत काम करणारे कृषी सहाय्यक, प्रयोगशाळेतील मंडळी आणि कृषी सेवा केंद्रांचे चालक यांना आमची कळकळीची विनंती आहे : सलाइन, सोडिक आणि अल्कलाइन हे इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि चुकीच्या उपायाचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो.

सलाइन म्हणजे क्षारयुक्त. विरघळणारे क्षार मातीतल्या पाण्यात जास्त असतात, म्हणून मुळांना पाणी ओढता येत नाही. मातीची घडण मात्र शाबूत असते. चर काढून चांगले पाणी मुरवले की क्षार खाली निघून जातात. सोडिक म्हणजे आपली चोपण. इथे सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो. कण फुटून पसरतात, छिद्रे बुजतात, पाणी वरच साचते. पावसात चिखल, उघडीप पडली की दगड, आणि वाफसा काही केल्या साधत नाही. तिथे सोडियम कणांपासून सुटावा म्हणून आधी जिप्सम हवे, धुणे नंतर.

घोटाळ्याचे मूळ घाटाखालच्या पट्ट्याच्या ‘खारपाण’ या नावातही आहे. विहिरींचे पाणी खारे, म्हणून ते नाव पाण्यापुरते खरेच आहे. पण इंग्रजी लिखाणात त्याचे ‘सलाइन ट्रॅक्ट’ झाले आणि जमीनही सलाइनच, असे आपण धरून चाललो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचे खरे दुखणे बहुतेक ठिकाणी सोडियमचे आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या १९५४ च्या हस्तपुस्तिकेने विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण, म्हणजे ईएसपी, १५ टक्क्यांच्या वर गेल्यावर जमीन सोडिक ठरवली. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेतील अभ्यासकांना मात्र आपल्या चिकण मातीत ते ५ टक्क्यांच्या आसपास असतानाच पाण्याचा निचरा मंदावलेला आढळला. जमिनीवर क्षारांचा पांढरा थर दिसेपर्यंत थांबणाऱ्याच्या हातून वेळ निघून गेलेली असते. अशा जमिनीला सलाइन समजून जिप्समशिवाय नुसते पाणी सोडले, तर क्षार धुतले जातात, सोडियम राहतो आणि माती आणखी घट्ट बसते.

अल्कलाइन हा तिसराच प्रकार. सामू ७ च्या वर गेला की माती अल्कलाइन, एवढाच त्याचा अर्थ. चोपण जमिनीचे जुने नाव ‘अल्कली सॉइल’ होते. उच्चाराच्या जवळिकीने दोन्ही एक झाले. घाटावर चिखली-मेहकरकडे चुनखडीच्या जमिनीत सामू ८ च्या पुढे सहज जातो, पण तेवढ्यावरून ती चोपण ठरत नाही. तिथे जिप्सम टाकणे म्हणजे पैसा मातीत घालणे; तिथे लोह आणि जस्ताची कमतरता पाहावी. लोणार सरोवराचे पाणी खारटही आहे आणि सामूही १० च्या घरात आहे. दोन्ही गुण एकत्र नांदू शकतात, म्हणून ते एक होत नाहीत.

अडचण अशी, की २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. त्यात सामू आणि विद्युत वाहकता आहे, ईएसपी नाही. चोपणपणाची शंका त्या कागदावरून फिटत नाही. शिवाय ४ डेसिसायमन प्रति मीटर वाहकता ही क्षारतेची सीमा संपृक्त मातीच्या अर्कासाठी आहे. आपल्या प्रयोगशाळा एकास अडीच प्रमाणातल्या द्रावणात मोजतात, तिथे आकडा बराच खाली येतो. तो थेट ४ शी ताडून ‘जमीन ठीक’ असा शेरा मारू नये.

घाटाखालच्या नमुन्यांसाठी ईएसपी आणि जिप्समची गरज वेगळी मागून घ्या. विहिरीच्या पाण्यातील सोडियमही तपासून घ्या, कारण तेच पाणी दरवर्षी दिले तर जिप्समचा परिणाम टिकत नाही. ज्याच्याकडे शेततळे आहे, त्याला जिप्सम पेरणीआधी मातीत मिसळून ठेवायला सांगा. पाऊस आणि तळ्याचे गोडे पाणी मग सुटलेला सोडियम खाली नेईल.