अंगाला घामच येत नसेल, तर उन्हाळ्यात झोप लागणार कशी?

एप्रिल-मेमध्ये बीड जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात दिवसभर तापलेला पत्रा रात्रीही लवकर निवत नाही. लोक गच्चीवर, अंगणात झोपतात. घाम वाऱ्याने सुकतो, अंग गार होतं आणि डोळा लागतो.

पण जन्मापासून घामच येत नसेल तर?

हा आजार नेमका काय आहे?

नाव मोठं आहे: हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया. यात घामाच्या ग्रंथी नसतात किंवा अगदी कमी असतात. दात मोजके आणि टोकदार, केस विरळ. बहुतेक वेळा दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. त्यामुळे तीव्र त्रास मुलांना होतो, तर आईमध्ये लक्षणं सौम्य असू शकतात. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमधल्या अशाच एका कुटुंबाची नोंद चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये केली होती. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून त्यांचे हाल व्हायचे.

झोपेशी काय संबंध?

झोप लागण्याआधी शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता बाहेर पडते. हवाच गरम असेल, तर सगळी भिस्त घामावर असते. घाम नसेल, तर अंग तापतच राहतं. मूल तळमळतं, सारखं जागं होतं.

घरच्यांना वाटतं ताप आला. पण अंग उष्णतेने तापलं असेल, तर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. अंगच गार करावं लागतं.

मग करायचं काय?

ओला सुती कपडा घामाचं काम करतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलरही चांगला चालतो. अडचण अशी की एकाला पाणी लागतं, दुसऱ्याला वीज, आणि उन्हाळ्यात दोन्हींची ओढाताण असते. अशा घरासाठी रात्रीचं भारनियमन ही निव्वळ गैरसोय नसते, त्यात जिवाला धोका असतो.

उष्णतेच्या बातम्यांमध्ये दुपारचा पारा गाजतो. हवामान विभाग 'उष्ण रात्री'चा इशाराही देतो. या कुटुंबांनी तो आधी पाहायला हवा.

बाळाला कारण नसताना वारंवार ताप येत असेल, घाम दिसत नसेल आणि दातही उशिरा येत असतील, तर या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा. मुंबईचं केईएम हे दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.