रूळ, डोळा आणि मानसशास्त्र

‘मानसशास्त्र म्हणजे काही विज्ञान नव्हे,’ असे दहावी-अकरावीतले पुष्कळ विद्यार्थी ठामपणे सांगतात. काही शिक्षकही सांगतात. मी भौतिकशास्त्र शिकवतो, आणि मला हे मुळीच पटत नाही. मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत, कलिना येथे, उपयोजित मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. उपयोजित म्हणजे व्यवहारातल्या प्रश्नांना लावून पाहिलेले. अशा विभागाने हाती घ्यावा असा एक प्रश्न आपल्या विरारच्या रुळांवर रोज उभा असतो.

रूळ ओलांडताना माणसे मरतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याने असे ओलांडणे गुन्हा ठरवले आहे. फलक आहेत, पादचारी पूल आहेत, तरी माणसे ओलांडतात. आपण ‘बेपर्वा लोक’ म्हणून मोकळे होतो. पण गाडी डोळ्यांना दिसत असताना माणूस पुढे पाऊल का टाकतो?

थोडे गणित करा. लोकलची रुंदी साडेतीन मीटर धरा. ४०० मीटरवरून समोर येणारी गाडी आपल्या डोळ्याशी सुमारे अर्ध्या अंशाचा कोन करते. म्हणजे ती पौर्णिमेच्या चंद्राएवढी रुंद दिसते. तिचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर असेल, तर ती १६ सेकंदांत आपल्यापाशी येईल. पण पहिल्या ८ सेकंदांत हा कोन अर्ध्या अंशावरून जेमतेम एक अंश होतो. पुढच्या ४ सेकंदांत दोन अंश, त्यापुढच्या २ सेकंदांत चार! निम्मा वेळ सरेपर्यंत गाडी जागची हललेलीच वाटत नाही, आणि ती अंगावर येते आहे असे जाणवते तेव्हा पाच मीटर चालण्याइतकाही वेळ उरलेला नसतो.

येथवर भौतिकशास्त्र पुरले. या कोनावरून मेंदू वेगाचा अंदाज कसा करतो, हा प्रश्न मानसशास्त्राचा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये असे मांडले, की मोठी वस्तू त्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा सावकाश चालल्यासारखी भासते. (सांताक्रूझला उतरणारे मोठे विमान कसे तरंगत असल्यासारखे वाटते, ते आठवा.) पुढे न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठात पडद्यावर आगगाडी आणि मोटार दाखवून हे तपासले गेले. त्याचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आगगाडीचा वेग लोकांना खरोखरच कमी वाटला होता.

मुंबईत २०१० च्या सुमारास वडाळ्याला एका खासगी संस्थेने यावर उपाय करून पाहिले. काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे ते गाडीखाली भराभर दिसेनासे होताना वेग कळावा. एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या द्यायला लावल्या. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. अपघात घटल्याच्या बातम्या आल्या. कल्पना उत्तम होत्या, यात शंका नाही. पण नुसती ‘आधी’ आणि ‘नंतर’ची मोजदाद मला पुरेशी वाटत नाही. त्याच काळात कुंपण दुरुस्त झाले असेल, पहारा वाढला असेल, किंवा आकडा योगायोगानेही खाली आला असेल. प्रयोगशाळेत तुलनेसाठी दुसरी नळी ठेवल्याशिवाय तुमचे शिक्षक निष्कर्ष लिहू देतात का?

म्हणून हे काम विद्यापीठाच्या विभागाचे आहे. विरार, नालासोपारा, वसई या पट्ट्यातल्या ओलांडण्याच्या जागा घ्याव्यात. चिठ्ठ्या टाकून निम्म्या ठिकाणी रंग द्यावा, निम्मी ठिकाणे तशीच ठेवावीत. अपघात मोजावेतच, पण गाडी किती जवळ आली असता लोक ओलांडतात हेही मोजावे, कारण ते आकडे लवकर जमतात. फरक न आढळला तरी तोही छापावा. उपाय विकणाऱ्याला हे शेवटचे जड जाते. विद्यापीठाला जाऊ नये. मोजमापासाठी आम्ही भौतिकशास्त्रवाले हजर आहोत.

तोवर शिक्षकांनी वर्गात एवढे करावे. समोरून येणाऱ्या गाडीचे चित्रीकरण पडद्यावर दाखवून ते मध्येच थांबवावे, आणि ‘आता किती सेकंदांत पोहोचेल?’ असे प्रत्येकाकडून लिहून घ्यावे. मग चित्रीकरण पुढे चालवून घड्याळ लावावे. रुळांच्या जवळ मात्र कोणीही जायचे नाही.