बॉण्डचा चुकलेला क्रम

जेम्स बॉण्डच्या चित्रपटमालिकेचा पर्यायी इतिहास कल्पिण्याचा खेळ तिचे चाहते वर्षानुवर्षे खेळत आले आहेत. तो बहुधा नटांच्या नावांपलीकडे जात नाही. शॉन कॉनरीने मालिका सोडलीच नसती तर? जॉर्ज लेझनबी एकाच चित्रपटानंतर बाहेर पडला नसता तर? २०२५ मध्ये मालिकेचे सर्जनशील नियंत्रण अमेझॉन एमजीएमकडे गेले तेव्हाही पहिला प्रश्न पुढचा बॉण्ड कोण, हाच होता. या खेळाचा कंटाळा येणे मी समजू शकतो. परंतु त्यामुळे हा विषयच अभ्यासाच्या योग्यतेचा नाही असे म्हणणारे आमचे व्यवसायबंधू मला अधिक आळशी वाटतात.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचकांना आठवत असेल. तीत विश्वासरावांना लागणारी गोळी थोडक्यात हुकते आणि इतिहास दुसऱ्या वाटेने जातो. पर्यायी इतिहासाला असा एक नेमका सांधा लागतो. बॉण्डच्या बाबतीतही गोळी आहेच. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६९) या चित्रपटाच्या अखेरीस, लग्नाच्याच दिवशी, ती बॉण्डच्या पत्नीच्या, ट्रेसीच्या कपाळात शिरते. तेव्हा ‘ट्रेसी वाचली असती तर’ असे विचारण्याचा मोह होतो. माझ्या मते तो सांधा खोटा आहे. गोळी लागायलाच हवी होती. बदलायला हवा होता तो चित्रपटांचा क्रम.

इयन फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांत ट्रेसीचा मृत्यू १९६३ मध्ये येतो आणि पुढच्याच वर्षीच्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये खचलेला, कामातून गेलेला बॉण्ड जपानला पाठवला जातो. तिथे टायगर तनाका हा जपानी गुप्तचरप्रमुख साम्राज्य गमावलेल्या ब्रिटनच्या अधोगतीचे माप त्याच्या पदरात घालतो. विषारी वनस्पतींच्या बागेत दडलेल्या ब्लोफेल्डचा तो गळा दाबून सूड घेतो आणि स्वतःची स्मृती गमावून बसतो. शोक, सूड आणि विस्मरण यांची ही सलग साखळी आहे. निर्मात्यांनी मात्र हे पुस्तक १९६७ मध्ये, म्हणजे लग्नाच्या आधीच चित्रित केले. पत्नी मेलेली नाही, तेव्हा शोक नाही. उरले ज्वालामुखीच्या पोटातले रॉकेट-तळ. या उलथापालथीचा एक विनोदी पुरावाही आहे: १९६७ मध्ये बॉण्डला समोरासमोर भेटलेला ब्लोफेल्ड १९६९ मध्ये त्याला ओळखतच नाही!

‘गोल्डफिंगर’च्या (१९६४) सुरुवातीच्या प्रतींत पुढचा चित्रपट म्हणून ‘ऑन हर मॅजेस्टीज’चेच नाव होते. ते पाळले गेले असते तर? ट्रेसी कॉनरीच्या बॉण्डच्या मिठीत मेली असती आणि पुढच्या चित्रपटात तोच नट, तोच चेहरा घेऊन, जपानमध्ये उद्ध्वस्त अवस्थेत उतरला असता. साठच्या दशकातील सर्वांत लोकप्रिय नायकाला आपल्या देशाच्या ऱ्हासाचा हिशेब पडद्यावर ऐकावा लागला असता.

प्रत्यक्षात काय घडले? लेझनबी गेला आणि साडेबारा लाख डॉलर घेऊन कॉनरी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’साठी (१९७१) परतला. सुरुवातीला बॉण्ड ब्लोफेल्डला शोधत हिंडतो खरा, पण कशासाठी, ते कोणी उच्चारत नाही. पुढे मनीपेनी लाडिकपणे हिऱ्याची अंगठी मागते. आदल्याच चित्रपटात विधुर झालेल्या माणसाकडे! कादंबरीत स्मृतिभ्रंश हे कथानक होते, इथे ते व्यापारी धोरण झाले. लोकप्रिय नायकाला स्मृती नसतेच, हा त्या साहित्यप्रकाराचा नियम आहे, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. नियम कसला? तो काही माणसांनी काही वर्षांत घेतलेला निर्णय होता, आणि हातातली कादंबरी त्याच्या नेमकी विरुद्ध होती.

थडग्याला एखादी भेट (‘फॉर युअर आइज ओन्ली’, १९८१), एखादा ओझरता उल्लेख, एवढ्यावर पुढची वर्षे भागवली गेली. अखेर ‘नो टाइम टू डाय’मध्ये (२०२१) विषारी बाग आली, ब्लोफेल्डचा गळाही दाबला गेला आणि लुई आर्मस्ट्राँगने १९६९ मध्ये गायलेले गीत पुन्हा वाजले. परंतु डॅनियल क्रेगच्या बॉण्डची कथा २००६ मध्ये नव्याने मांडलेली. त्याच्या आयुष्यात ट्रेसी कधी आलेलीच नव्हती. आली ती फक्त तिची धून.