प्रमाणपत्र आलं, चित्र कुठं आहे?

मागच्या महिन्यात आमच्या घरात एक आनंदाची गोष्ट घडली आणि त्या आनंदात मी एक चूक केली. तीच चूक तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी केली असणार, म्हणून हे लिहितोय.

माझी चुलत बहीण मराठी शाळेत आठवीला आहे. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला. आसपासच्या शाळांची मिळून चित्रकला स्पर्धा होती, विषय ‘माझे गाव’. धाकटीचा दुसरा नंबर आला. शाळेतून फोन आला तेव्हा आजीला आधी वाटलं, पोरगी भांडण करून बसली की काय! नंतर कळल्यावर तिनं गल्लीभर साखर वाटली.

संध्याकाळी मी तिचा प्रमाणपत्र धरलेला फोटो काढला. वर भगवी पट्टी, खाली ठळक अक्षरात ‘सीमाभागाच्या लेकीनं रोवला झेंडा’. टाकला. रात्रीपर्यंत अभिनंदनाचा पाऊस. मी मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं वरून खालपर्यंत नीट बघितलं आणि विचारलं, “दादा, ह्यात माझं चित्र कुठं हाय?”

नव्हतंच. त्याहून वाईट म्हणजे, तिनं काय काढलं होतं हे मी तोपर्यंत विचारलंही नव्हतं.

चित्र घरातही नव्हतं. स्पर्धेला दिलेलं चित्र परत मिळणार नाही, असं अर्जावरच छापलेलं. प्रमाणपत्र कन्नडमधून होतं. काकाला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, त्यामुळं धाकटीनंच ते सगळ्यांना वाचून दाखवलं. चित्र मात्र कुणी वाचून दाखवायला लागलं नसतं. आजीलासुद्धा ते एका नजरेत कळलं असतं. घरातल्या सगळ्यांना कळणारी वस्तू तिकडे राहिली आणि एकटीलाच वाचता येणारा कागद घरी आला.

शेवटी तिच्या बाईंच्या मोबाइलमध्ये एक फोटो सापडला. थोडा हललेला, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटचा उजेड चमकलेला. पण दिसत होतं.

‘माझे गाव’ म्हटलं की पोरं काय काढतात हे तुम्हाला माहीत आहे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळत जाणारी नदी, कौलारू झोपडी, शेजारी नारळ. मी पण शाळेत असताना तेच काढलंय. आमच्या गावातून नदी जात नाही. धाकटीनं काढला होता रताळ्याचा हंगाम. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत हे पीक मोठं, तुम्हाला सांगायला नको. वेल कापून बाजूला टाकलेले, नांगराच्या तासातून वर आलेली रताळी, मागं अर्धा भरलेला टेम्पो आणि पुढं पाठमोरी बसलेली आजी, रताळी निवडत.

मी विचारलं, “आजीचं तोंड का नाही काढलंस?”

“आजी रताळी निवडताना वर बघतीय कुठं?”

मग ती आपणहून सांगायला लागली. आधी माती तांबडी रंगवली, तर तांबडी रताळी त्यात दिसेनाशी झाली. दोन कागद वाया गेले. तिसऱ्या वेळी तिनं माती ओली केली. म्हणजे रंग गडद केला, आदल्या रात्री पाऊस पडून गेल्यासारखा. मग रताळी उठून दिसली. शाळेत चित्रकलेला वेगळे शिक्षक नाहीत, गणिताच्या बाईच तो तास बघतात. हा उपाय तिला कुणी शिकवला नव्हता. शेतात ओली माती आणि कोरडी माती तिनं बघितलेली होती, एवढंच तिचं शिक्षण. बक्षीस कशाला मिळालं असेल तर ह्याला. आणि मी पोस्ट केली झेंड्याची!

मी राज्यशास्त्र शिकतो. ‘प्रतिनिधित्व’ ह्या शब्दावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोलतो. कुणाच्या वतीनं कोण बोलतं, कुणाला विचारून बोलतं, वगैरे. त्या दिवशी मी तेरा वर्षांच्या पोरीला तिला न विचारता अख्ख्या सीमाभागाची प्रतिनिधी करून टाकलं. तिनं आजीची पाठ काढली होती, मी त्यावर घोषणा चिकटवली. आपल्याकडं कुणी नीट बघत नाही, आपलं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही, अशी आपली कायमची तक्रार असते. ती खरी आहे. पण आपल्याच घरातल्या पोरीनं काय काढलंय हे आपण तरी बघतो का?

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात भारत १९९२ साली सामील झाला. त्याच्या १३व्या कलमात मुलांच्या अभिव्यक्तीच्या हक्कात बोलणं, लिहिणं, छापणं ह्यांच्या बरोबरीनं कलेचं नाव घेतलेलं आहे. म्हणजे पोराचं चित्र हे पोराचं म्हणणं आहे. ते म्हणणं कपाटात किंवा रद्दीत जाऊन प्रमाणपत्र तेवढं घरी येत असेल, तर आपण कशाचा गौरव केला?

आयोजकांची बाजू मला कळते. शेकडो चित्रं येतात, ती सांभाळायची, परत पाठवायची म्हणजे माणूस लागतो, पैसा लागतो. प्रदर्शनासाठी काही चित्रं ठेवून घ्यावी लागतात. मान्य. पण चित्रं शाळेतून गठ्ठ्यानं जातात, तशी गठ्ठ्यानं परत का येऊ नयेत? निदान बक्षीसपात्र चित्रं? ते जमत नसेल तर स्वच्छ फोटो काढून पाठवायला आज काय खर्च येतो? मोठं उदाहरण द्यायचं तर व्यंगचित्रकार शंकर ह्यांनी १९४९ साली दिल्लीत मुलांची स्पर्धा सुरू केली, तेव्हा निवडक चित्रं अंकात छापली. लोकांनी पोरांची नावं वाचली आणि चित्रंही बघितली. पंचाहत्तर वर्षांपूर्वी छापखान्यावर जे जमलं, ते मोबाइल खिशात असताना आपल्याला जमत नाही?

दुसरी बाजूही आहे. काही जण म्हणतील, चित्रकलेला मान मिळायचा असेल तर तिचे गुण धरा. महाराष्ट्रात इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात, हे आपल्यातल्या अनेकांना नातेवाइकांकडून ऐकून माहीत आहे. त्यानं मुलं परीक्षेला बसतात, पालक रंग आणून देतात, हा फायदा नाकारता येत नाही. पण गुण मोजणारे वाढले म्हणून चित्र बघणारे वाढतीलच असं नाही. धाकटीला मी “तुला किती मार्क पडले?” विचारलं असतं, तर ओल्या मातीची गोष्ट मला कधीच कळली नसती.

बघणारा माणूस मिळाला की काय होतं, ह्याची उदाहरणं आपल्याजवळच आहेत. के. बी. कुलकर्णी ह्यांचं चित्रमंदिर बेळगावातलंच. १९३५ साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे तिथं त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढं देशभर नाव झालेले चित्रकार झाले. तिकडं इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या शाळेत ना. श्री. बेंद्रे घडले. पुढं १९५०मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात ललित कलेची नवी शाखा सुरू झाली, तिथं बेंद्रेंनी शिकवलं. बेळगाव, इंदूर, बडोदा. आज ही तिन्ही शहरं महाराष्ट्राबाहेर आहेत आणि तिन्हीकडं कुणीतरी शिक्षक पोरांच्या कागदावर वाकून बघत उभा होता. आपली प्रत्येक पोरगी मोठी चित्रकार होईल असं मी म्हणत नाही. धाकटीला तर पशुवैद्य व्हायचंय. पण तिच्या कागदावर कुणीतरी वाकून बघायला तिनं चित्रकारच व्हायला पाहिजे असं थोडंच आहे?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तुमच्या गावातल्या पोराला-पोरीला चित्राचं बक्षीस मिळालं, तर आधी चित्र बघा. पोस्ट टाकायची असेल तर आधी चित्र, मग प्रमाणपत्र, आणि मथळा काय द्यायचा ते चित्र काढणाऱ्याला विचारा. शाळेत ओळखीचे शिक्षक असतील तर चित्र पाठवायच्या आधी उजेडात नीट फोटो काढून ठेवायला सांगा. आयोजकांत आपली माणसं असतील, आणि असतातच, तर अर्जावरचं ‘परत मिळणार नाही’ हे वाक्य खोडायला सांगा. परीक्षकांना विनंती करा की नंबरासोबत दोन ओळी लिहा, काय आवडलं आणि का. नंबर न आलेल्यांना तर त्या दोन ओळींची जास्त गरज असते. आणि गावच्या वाचनालयात, मंडळाच्या खोलीत, गणपतीच्या मांडवात एक दोरी बांधून चिमट्यांनी ही चित्रं लावा. त्याला ना परवानगी लागते ना निधी. आपण कॉलेजची पोरं एका दुपारी हे करू शकतो.

मी ती पोस्ट काढून टाकली. बाईंकडचा तो हललेला फोटो टाकायचं ठरवलं आणि धाकटीला विचारलं, वर काय लिहू? तिनं थोडा विचार केला.

“लिही, आजी आणि रताळी.”

तेवढंच लिहिलं. लाइक पहिल्या पोस्टच्या निम्मेसुद्धा आले नाहीत. पण खाली पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या गावच्या एकानं विचारलं होतं, ही वरच्या शिवारातली माती आहे का? धाकटीनं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि स्वतः उत्तर लिहिलं, “हो काका, वरच्या शिवारातलीच. तुम्ही बरोबर ओळखलात.”

चित्र अजून परत आलेलं नाही. मी आणि काका येत्या सोमवारी मागायला जाणार आहोत.