ओवीतलं मागणं



यंदाचा दिवाळी अंक बाईच्या गाण्याला वाहिला आहे. 'वाहिला' म्हणताना ओवाळून मोकळं व्हायचं नाही, नीट ऐकायचं आहे.

पहाटे घर जागं होण्याआधी दोघीजणी जात्यापाशी बसत. दिवसभर जिला बोलायची मुभा नसे, ती दळता दळता ओवीतून सासूचा जाच सांगे, नवऱ्याचा मार सांगे, लेक झाली म्हणून उतरलेल्या चेहऱ्यांबद्दल सांगे. ओवीत होतं म्हणून खपे. तेच चारचौघांत बोलली असती, तर उलट बोलली ठरली असती. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखावर ओव्या जमवल्या. एवढ्या बायकांनी जन्मभर दिलेली ही साक्ष आहे. आपण मात्र तिला 'लोकसंस्कृतीचा ठेवा' म्हणून कपाटात ठेवलं.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातं थांबलं, याची हळहळ आम्हाला वाटत नाही. हातांना घट्टे पाडणारं ते काम सुटलं, हे चांगलंच झालं. पण बाईनं बाईपाशी मन मोकळं करायची ती वेळही त्याबरोबर गेली, आणि तिच्या जागी दुसरी आपण दिली नाही.

या गाण्यांत सुटकेला बहुधा एकच नाव आहे, माहेर. भोंडल्याच्या गाण्यातली सून माहेरी जायची परवानगी मागते आणि एकेक काम पुढे करून तिला अडवलं जातं. चार दिवसांची रजा, एवढंच तिचं स्वातंत्र्य. पुढे मागणं वाढलं. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी त्याच जात्यावर बाबासाहेब आंबेडकरांना गायलं, तेव्हा ओवीत माणूस म्हणून मान आला. 1983 साली ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' हे नाटक रंगभूमीवर आलं आणि स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या घरातलं दुःख चौकात, शेकडो लोकांसमोर गाऊ लागल्या.

आणि माहेराचं काय? 1994 साली महाराष्ट्रानं आणि 2005 साली देशानं हिंदू वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला मुलाइतका हक्क दिला. तरी आजही कितीतरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. भाऊ तुटू नये म्हणून, दिवाळीला बोलावणं यावं म्हणून. ओवीतल्या बाईनं भावाच्या दारी मायेची जागा मागितली होती. त्या मायेची किंमत म्हणून आपण तिची जमीन घेतो.

म्हणून यंदा भाऊबीजेला ओवाळणी घालणाऱ्या प्रत्येक भावाला आमची विनंती आहे: बहिणीचा हिस्सा सातबाऱ्यावर राहू द्या, आणि तिचं माहेरही राहू द्या. दोन्ही तिचंच आहे.



— संपादक