विजेच्या मोटारीची निगा: तेल गेले, अर्थिंग आले

गावात विजेची मोटार आली, की पारावर पहिल्याच दिवशी एक वाक्य ऐकू येते. “हिला काही करावे लागत नाही बघा. ना तेल, ना डिझेल, ना गॅरेजची वारी.” विकणारा हेच सांगतो आणि घेणाराही चारचौघांत हेच सांगतो. बोलणे निम्मे खरे आहे. पण निम्म्या खऱ्यावर माणूस निर्धास्त होतो आणि उरलेल्या निम्म्यात फसतो. म्हणून या आठवड्याला आपल्या सदरात विजेच्या मोटारीची निगा घेतली आहे. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी वाचावेच. ज्यांचा मुलगा किंवा जावई शहरातून ती घेऊन सणाला येतो आणि आल्या आल्या “आई, प्लग कुठे आहे?” असे विचारतो, त्यांनी तर आधी वाचावे.

प्रथम खरे निम्मे पाहू. आपल्या ट्रॅक्टरला इंजिन ऑइल लागते, ऑइलचा आणि डिझेलचा फिल्टर लागतो, क्लच प्लेट झिजते, पट्टा तुटतो, सायलेन्सर सडतो. विजेच्या मोटारीत यांतले काहीच नाही. बॅटरी, चाके फिरवणारी विजेची मोटर आणि एकच गिअर असलेली लहानशी पेटी, एवढाच तिचा संसार. त्या पेटीत तेल असते, पण ते केव्हा बदलायचे हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते आणि ती वेळ सहसा लांबची असते. तेव्हा खर्च वाचतो, हे खोटे नाही.

आता उरलेले निम्मे. डिझेलची गाडी पंपावर पोट भरते. विजेची गाडी आपल्या घरी पोट भरते. म्हणजे तिची निम्मी देखभाल बॉनेटखाली नसून आपल्या मीटरच्या पेटीत, भिंतीतल्या वायरीत आणि अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात आहे. तिकडे सर्व्हिस सेंटरचा माणूस येत नाही. ती आपणच करायची आहे.

जानेवारी 2020 मध्ये बाजारात आलेली पहिली टाटा नेक्सॉन ई.व्ही. उदाहरणाला घ्या. तिच्या बॅटरीत 30.2 युनिट वीज मावत असे. घरच्या जाड पिनांच्या, म्हणजे 15 अँपियरच्या प्लगवरून तासाला साधारण 3 युनिट जातात. हिशेब सरळ आहे. रिकामी गाडी भरायला सारी रात्र लागते, आणि ती रात्रभर घरात 3 अश्वशक्तीचा पंप चालू ठेवल्याइतका भार पडतो. टीव्ही-पंख्यासाठी ओढलेली बारीक वायर हा भार सोसत नाही. ती तापते, तिचे वेष्टण मऊ होते आणि एखाद्या रात्री ठिणगी पडते.

म्हणून गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर ओढावी. वायर तांब्याची आणि 4 चौरस मिलिमीटरची असावी. तिला स्वतःचा एम.सी.बी. असावा आणि गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. असावा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात वापरू नये. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या बाजूला हाताची पालथी बाजू लावून पाहावी. कोमट लागला तर चालेल. चटका बसला तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे आणि सॉकेट बदलेपर्यंत तेथे गाडी लावू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एवढे एक कलम नीट वाचा, बाकीचे विसरलात तरी चालेल.

गाडीबरोबर मिळणाऱ्या चार्जरला अर्थिंग लागते. अर्थिंग नसले किंवा कमजोर असले, की चार्जर लाल दिवा दाखवतो आणि गाडी भरायला नकार देतो. खेड्यातल्या अनेक घरांत अर्थिंग मुळातच नसते, किंवा घर बांधताना पुरलेला पाइप केव्हाच गंजून गेलेला असतो. मग कोणीतरी हुशार माणूस बोलावला जातो. तो सॉकेट उघडतो, अर्थच्या पिनेतून तारेचा एक तुकडा काढून न्यूट्रलला जोडतो आणि दोन मिनिटांत हिरवा दिवा लावून दाखवतो. सारे घर खूश होते. शंभर रुपयांत काम झाले!

वाचकहो, हे काम नव्हे, हा घरात मांडून ठेवलेला सापळा आहे. न्यूट्रलची तार म्हणजे जमीन नव्हे. ती डी.पी.पासून आपल्या घरापर्यंत खांबाखांबांवरून येते. वादळात फांदी पडली, जोड सुटला, जंपर जळला, की तुटतो तो पुष्कळदा न्यूट्रलच. असा न्यूट्रल तुटला, की घरातल्या चालू दिव्या-पंख्यांतून परत फिरलेली वीज त्याच तुकड्यावाटे गाडीच्या पत्र्यावर येऊन बसते. दुरुस्तीच्या घाईत खांबावर फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर पूर्ण 230 व्होल्ट थेट पत्र्यावर येतात. गाडी मात्र तशीच शांत उभी दिसते. पावसाळी सकाळी अनवाणी पोर दार उघडायला जाते, शेजारी दावणीला बांधलेली गाय तिला अंग घासते, किंवा घरची बाई अंगण सारवताना तिला टेकते. पुढचे लिहायला नको.

असा तुकडा आपल्या घरी आहे की नाही, हे कसे ओळखावे? बरेच जण फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावून दाखवतात आणि “बघा, लागला. अर्थिंग चांगले आहे,” म्हणतात. या परीक्षेवर विसंबू नका. अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडलेला असला तरी बल्ब तितकाच लख्ख लागतो. मेन स्विच बंद करून जाणत्या वायरमनकडून सॉकेट उघडून घ्या. अर्थच्या पिनेची हिरवी तार कोठे जाते, ते त्याच्यासमोर उभे राहून पाहा. ती तुकड्याने शेजारच्या पिनेला गेलेली दिसली, तर तो तुकडा तेथेच काढायला सांगा. ती सरळ अंगणातल्या खड्ड्यापर्यंत गेली पाहिजे. खड्डा मीठ-कोळसा घालून नीट भरलेला असावा, पाइपावरचा नटबोल्ट गंजलेला नसावा आणि अर्थिंग टेस्टरने मोजून घ्यावे. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग उतरते. म्हणून मार्च ते जून त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी घालावे. तुळशीला पाणी घालणाऱ्या हातांनी एवढे आणखी केले, की घरादाराचे रक्षण झाले.

येथेच आणखी दोन सूचना. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी भरू नका. वीज कायदा, 2003 च्या कलम 126 प्रमाणे तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. दुसरे, कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा माणसे झोपतात त्या खोलीत कोणतेही विजेचे वाहन चार्जिंगला लावू नका. मार्च 2022 मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला रात्री घरात चार्जिंगला लावलेली विजेची स्कूटर पेटली आणि धुराने गुदमरून बाप-लेक दोघांचा जीव गेला. त्या वर्षी अशा घटना ठिकठिकाणी झाल्यावर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले, आणि ते डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. नियम आले, तरी जागा आपणच निवडायची असते. वर छप्पर, चारही बाजूंनी वारा आणि जवळ जळण नाही, ती जागा उत्तम.

आता खुद्द गाडीकडे वळू.

गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज एक लहान 12 व्होल्टची बॅटरीही असते, आपल्या ट्रॅक्टरला असते तशीच. दारांची कुलुपे, दिवे, गाडीचा संगणक आणि मोठ्या बॅटरीची कडी उघडण्याचे काम तिच्यावर चालते. ती उतरली, की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. तीन वर्षे झाली की दर सर्व्हिसिंगला ती तपासून घ्यावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर काय करावे, ते पुस्तकात पाहावे.

मोठ्या बॅटरीत पाणी घालायचे नसते. बंगळुरूची रेवा ही विजेची छोटी गाडी 2001 मध्ये आली, तेव्हा तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या असत आणि त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे. आताच्या लिथियमच्या बॅटऱ्या बंद पेटीत असतात. पेटी उघडली की वॉरंटीही गेली आणि सुरक्षितताही गेली. ही बॅटरी फार काळ अगदी रिकामी ठेवू नये, भर उन्हात तापलेल्या गाडीला लगेच जलद चार्जर लावू नये आणि कडक उन्हात सावली बघावी. रोज किती टक्क्यांपर्यंत भरावी हे बॅटरीच्या जातीवर ठरते. तेथे शेजाऱ्याचे ऐकू नये, पुस्तकाचे ऐकावे.

बॅटरी थंड ठेवणारे कूलंट अनेक गाड्यांत वेगळ्या प्रकारचे असते. ते कमी झाले म्हणून रेडिएटरसारखे विहिरीचे पाणी ओतू नका. ब्रेकचे पॅड मात्र पुष्कळ टिकतात, कारण वेग कमी होताना मोटरच गाडी धरते आणि उलट थोडी वीज बॅटरीत भरते. पण कमी वापरामुळे ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो, आणि ब्रेक ऑइल वापर नसला तरी हवेतली ओल ओढून घेते. म्हणून पॅड झिजले नाहीत तरी ते ऑइल सांगितलेल्या मुदतीत बदलावे. टायरांकडेही लक्ष द्यावे. या बॅटरीचे वजन क्विंटलांत मोजायचे. त्यामुळे हवा कमी असली की टायर लवकर झिजतो आणि एका चार्जिंगमध्ये गाडी कमी पळते.

सुगीनंतर घरात धान्य येते आणि धान्यामागे उंदीर येतात. ते बॉनेटखाली बिऱ्हाड करतात आणि वायरी कुरतडतात. पंधरा दिवसांतून एकदा बॉनेट उघडून टॉर्चने पाहा. नुसते पाहा. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील, त्यांना बोट लावू नका. त्यांत बहुतेक गाड्यांत 300 व्होल्टच्या वर डी.सी. वीज असते. गाडी बंद केल्यावरही आतल्या भागांत ती काही मिनिटे टिकून राहते. तार कुरतडलेली दिसली, तर चिकटपट्टी गुंडाळू नका. गाडी चालू न करता कंपनीच्या माणसाला बोलवा.

हायब्रीड गाडीची गोष्ट थोडी निराळी. तिच्यात पेट्रोलचे इंजिनही असते आणि विजेची मोटरही. म्हणजे ऑइल, फिल्टर, प्लग हे सारे आलेच, वर नारिंगी तारा आल्या. काही हायब्रीड गाड्यांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते. तेथून बॅटरीला गार वारा मिळतो. तिच्यावर पोती किंवा गाठोडी रचू नका आणि जाळीतली धूळ साफ करून घ्या. आणखी एक सावधगिरी. हायब्रीड गाडी आवाज न करता उभी असली म्हणजे बंद आहे, असे समजू नका. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. बॉनेटमध्ये हात घालण्याआधी गाडी पूर्ण बंद करा आणि किल्ली लांब घरात नेऊन ठेवा.

नदीकाठच्या वाचकांसाठी एक शब्द. 2019 आणि 2021 चे पूर कृष्णा-पंचगंगेच्या काठाने सोसले आहेत. पाणी चढणार अशी खबर आली, की जनावरांबरोबर गाडीही उंचावर न्या. बुडालेली विजेची गाडी वाळली म्हणून चालू करू नका, चार्जिंगलाही लावू नका. बॅटरीत शिरलेला चिखल काही दिवसांनी आग लावू शकतो. ती घरापासून आणि गंजीपासून दूर मोकळ्यावर ठेवून तपासणी करून घ्या.

आणि गावातल्या तरुण मेकॅनिकांनो, ही विद्या तुमच्या हातून जाणार, असे समजू नका. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, 12 व्होल्टची बॅटरी ही कामे आजही तुमची आहेत. नारिंगी तारांचे काम मात्र शिकल्याशिवाय, योग्य हातमोज्यांशिवाय करू नका. आय.टी.आय.मध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दहावी झालेल्या मुलाने चौकशी करावी.

आज संध्याकाळी एवढे एक करा. घरात गाडीचा प्लग असेल, तर त्याची हिरवी तार कोठे जाते हे वायरमनला विचारायचे ठरवा. उत्तर देताना तो घुटमळला, तर सणाच्या आधी अर्थिंगचा खड्डा नवा करा. त्या खर्चाचा हिशेब गाडीच्या वहीत लिहू नका, घराच्या वहीत लिहा.

पुढील अंकी: पावसाळ्यापूर्वी पंपाच्या स्टार्टरची तपासणी.