बत्तीस बिटांना उगाच शिव्या

आयपीव्ही४चे पत्ते संपल्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "तेव्हाच १२८ बिट घेतले असते तर!" मला हे पटत नाही. १९८१ साली नेटवर्कवर जेमतेम दोनशेच्या आसपास संगणक होते. तेव्हा ४२९ कोटी पत्त्यांची सोय करणारी माणसं कंजूष नक्कीच नव्हती. घोळ झाला तो वाटपात.

मापं तीनच होती. क्लास ए म्हणजे १.६७ कोटी पत्ते, बी म्हणजे ६५,५३६ आणि सी म्हणजे २५६. आता हजारभर संगणकांच्या विद्यापीठाने काय घ्यायचं? सी पुरत नाही, म्हणून बी. उरलेले ६४ हजार पत्ते पडून! त्यात एकट्या क्लास एने निम्मी जागा अडवलेली.

मग चार सी द्यायचे की, असं वाटेल. पण मग जगातल्या मुख्य राउटरांच्या यादीत एकाऐवजी चार नोंदी. आपला पिनकोड बघा. दिल्लीच्या पोस्टात सुरुवातीचा ४ दिसला की पत्र आपल्या बाजूच्या गठ्ठ्यात जातं, गल्लीबोळ तिथे कुणी बघत नाही. क्लास सी मात्र मागेल त्याला मागेल तेव्हा दिलेले. शेजाऱ्यांच्या नंबरांचा एकमेकांशी संबंध नाही, त्यामुळे लांबच्या राउटरला प्रत्येक गल्ली पाठ! १९९३मध्ये सीआयडीआर आलं आणि दोन्ही दुखणी आटोक्यात आली. गरजेच्या जवळपासचं माप मिळू लागलं, आणि एका प्रोव्हायडरचे सलग पत्ते एकाच नोंदीत मावू लागले.

पण आधी वाटलेलं परत कोण मागणार? स्टॅनफर्डने २०००मध्ये आपला क्लास ए आपणहून परत केला. एमआयटीने २०१७मध्ये सांगितलं की आमच्या १.६ कोटींपैकी १.४ कोटी पत्ते कधी वापरलेच नाहीत, आणि निदान ८० लाख विकायला काढले. बेकायदेशीर काही नाही हो. पण फुकट मिळालेलं विकणं मला खुपतं.

कारण उशिरा आलेले आपण. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला. कोट्यवधी लोक मोबाइलवरून येईपर्यंत आशिया-पॅसिफिकचा साठा आटला होता. एप्रिल २०११मध्ये एपीनिकने नव्या अर्जदाराला जास्तीत जास्त १,०२४ पत्त्यांची मर्यादा घातली! म्हणून आज मोबाइलवर एका आयपीव्ही४ पत्त्यामागे अनेक फोन असतात, चाळीतल्या एका नळावर लागलेल्या रांगेसारखे.

आयपीव्ही६च्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, याचं हल्ली कौतुक होतं. छानच आहे. पण दुसरं करणार तरी काय होतो आपण?